एरोक्साइड पी-२५: उसापासून उन्हावर रसायनं करायला ही पूड घ्यावी का?

प्रकाश-उत्प्रेरणाचं, म्हणजे उजेडाच्या जोरावर पुडीकरवी रासायनिक प्रक्रिया घडवण्याचं, काम सुरू करणाऱ्या जवळपास प्रत्येक प्रयोगशाळेतून पहिली मागणी जाते ती पी-२५ची. टायटॅनियम डायऑक्साइडची, म्हणजे टायटेनियाची, ही पांढरी, मैद्याहून हलकी पूड बरणी उघडली की उडायलाच लागते. पूर्वी ती डेगुसा या जर्मन कंपनीच्या नावानं ओळखली जायची. २००७ मध्ये कंपनीचं नाव इव्होनिक झालं, तरी रसायनशास्त्राचे जुने शिक्षक अजून ‘डेगुसा’च म्हणतात.

हे परीक्षण या पुडीचं आहे, पण एका ठरावीक कामापुरतं. ऊस, चिपाड, पाचट यांतून निघणाऱ्या साखरा आणि त्या साखरांपासून बनणारी फरफ्युरलसारखी संयुगं कोल्हापूरच्या उन्हात ठेवून त्यांची विकण्याजोगी रसायनं करायची असतील, तर ही पूड किती उपयोगाची? इचलकरंजीच्या रंगाईच्या सांडपाण्यातला रंग काढायचा असता तर हा लेख चार ओळींत संपला असता, कारण तिथं ती चांगली आहे. इथं प्रश्न वेगळा आहे. आमचं मत आधीच सांगतो: तुलनेसाठी ५० ग्रॅमची बरणी जरूर घ्यावी, मात्र माल तयार करायला तिच्यावर भिस्त ठेवू नये.

बरणीत काय येतं ते आधी पाहू. टायटॅनियम टेट्राक्लोराइडची वाफ हायड्रोजन-ऑक्सिजनच्या ज्योतीत जाळून ही पूड बनते. तिच्यात साधारण ८० टक्के अ‍ॅनाटेज आणि २० टक्के रुटाइल असतं; ही टायटेनियाच्याच स्फटिकांची दोन रूपं. मूळ कण सुमारे २१ नॅनोमीटरचा, आणि एका ग्रॅमला जवळपास ५० चौरस मीटर पृष्ठभाग. तिची खरी किंमत आहे सातत्यात. यंदाची बरणी आणि तीन वर्षांपूर्वीची बरणी यांत फरक जवळपास नसतो, आणि जगभरचे निकाल याच पुडीशी ताडून छापले जातात. त्यामुळे कोल्हापुरातला निकाल दुसऱ्या कुठल्याही प्रयोगशाळेला पडताळून पाहता येतो.

रंगाच्या दुकानात ‘टायटेनियम’ म्हणून मिळणारी पूड हिच्याजागी चालेल का, असं हमखास विचारलं जातं. चालत नाही. ती बहुतेक वेळा रुटाइल असते, आणि उन्हात रंगाचा थर खराब होऊ नये म्हणून तिच्या कणांवर अ‍ॅल्युमिना-सिलिकाचं कवच चढवलेलं असतं. म्हणजे आपल्याला जे हवं तेच मुद्दाम दाबलेलं असतं. शंका असेल तर मिथिलीन ब्लूची चाचणी करा. लिटरला १० मिलिग्रॅम निळा रंग, १ ग्रॅम पूड, अर्धा तास अंधारात ढवळणं आणि मग दुपारचं ऊन. पी-२५ असेल तर तासाभराच्या आत पाणी फिकं पडतं, रंगाच्या दुकानातली पूड असेल तर निळं ते निळंच राहतं. शेजारी पूड न घातलेलं निळं पाणीही ठेवायला हवं, कारण मिथिलीन ब्लू उन्हात आपणहूनही थोडं उडतं.

आता मूळ अडचण. टायटेनियावर अतिनील किरण पडला की इलेक्ट्रॉन वर उचलला जातो आणि मागं रिकामी जागा, म्हणजे ‘होल’ उरतो. हा होल इतका जहाल असतो की पाण्यापासून हायड्रॉक्सिल रॅडिकल, म्हणजे क्षणभर टिकणारा अतिशय क्रियाशील तुकडा, तयार करतो. हा रॅडिकल समोर कामाचं संयुग आहे, ग्लुकोज आहे की रंगाचा रेणू, काहीच पाहत नाही. दिसेल त्याच्यावर तुटून पडतो आणि शेवटी कार्बन डायऑक्साइड करून सोडतो. सांडपाण्यात आपल्याला हेच हवं असतं. रसायन बनवायचं तर मधेच थांबावं लागतं. पाक कुठल्या क्षणी काहिलीतून उतरवायचा हे गुळव्याला कळतं, म्हणून गूळ होतो. पी-२५ला तो क्षण कळत नाही.

एचएमएफचं, म्हणजे हायड्रॉक्सीमिथाइल फरफ्युरलचं उदाहरण घेऊ. काकवी फार वेळ तापली की तिच्यात जो पदार्थ वाढतो तोच हा. उसाच्या साखरेतलं फ्रुक्टोज आम्लात तापवून तो मुद्दाम बनवता येतो. त्याच्या एका टोकाच्या अल्कोहोलचा अल्डिहाइड केला की डीएफएफ (डायफॉर्मिल फ्युरान) मिळतं, आणि पुढं दोन्ही टोकं आम्लाची केली की एफडीसीए (फ्युरान डायकार्बॉक्सिलिक आम्ल), ज्यापासून बाटल्यांच्या पीईटीच्या जोडीचं पीईएफ प्लास्टिक बनतं. पाण्यात टायटेनियावर एचएमएफ उन्हात ठेवलं तर झिजलेल्या एचएमएफपैकी डीएफएफच्या रूपात हाती येणारा भाग चौथ्या हिश्श्याच्या वर सहसा जात नाही. बाकीचं बहुतेक तुटत जातं आणि शेवटी वायू होतं. डीएफएफचं प्रमाण सुरुवातीला वाढतं, एका टप्प्याला पोचतं आणि मग उतरतं. पी-२५मध्ये हा टप्पा लवकर येतो आणि बुटकाही असतो. तासाला एक नमुना घेतला तर तो निसटतोच. पहिल्या तासात दर १५ मिनिटांनी नमुना घ्या, मग पुडीची जात कळते.

दुसरी अडचण उजेडाची. अ‍ॅनाटेज ३८७ नॅनोमीटरच्या आतलाच प्रकाश घेतो, रुटाइल ४१३पर्यंत. सूर्यप्रकाशातली अतिनील ऊर्जा जेमतेम ४ ते ५ टक्के. कोल्हापूरचं मार्चमधलं कडक ऊन अंगाला चटका देतं, पण त्यातलं ९५ टक्के या पुडीच्या दृष्टीनं अंधारच असतो.

हिशेब करून पाहिला की चित्र स्पष्ट होतं. निरभ्र दुपारी चौरस मीटरला सुमारे ४५ वॅट अतिनील मिळतं असं धरा. ३६५ नॅनोमीटरच्या एक मोल फोटॉनांची, म्हणजे सुमारे ६ वर २३ शून्यं इतक्या प्रकाशकणांची, ऊर्जा ३२८ किलोज्यूल. म्हणजे तासाला साधारण अर्धा मोल फोटॉन. प्रत्येक फोटॉननं डीएफएफचा एक रेणू दिला, असा अशक्य आदर्श धरला तरी तासाला सुमारे ६० ग्रॅम. शंभरात एकच फोटॉन कामी आला तर ०.६ ग्रॅम. ‘छतावर ट्रे ठेवून महिन्याला क्विंटल’ असं कुणी सांगितलं तर त्यांच्यासमोर हाच हिशेब मांडा.

या दोन्ही अडचणींवर हाताशी असलेला उपाय म्हणजे ग्राफिटिक कार्बन नायट्राइड. फिकट पिवळी ही पूड युरियापासून आपल्याच भट्टीत बनते. २००९ मध्ये तिच्यापासून दृश्य प्रकाशात हायड्रोजन मिळाल्याचं प्रसिद्ध झालं आणि ती चर्चेत आली. तिचा बँड गॅप, म्हणजे इलेक्ट्रॉन वर उचलायला लागणारी ऊर्जा, २.७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट; त्यामुळे ४६० नॅनोमीटरपर्यंतचा निळा प्रकाशही ती वापरते. अ‍ॅनाटेजच्या तुलनेत उन्हातले सुमारे तीन-चार पट फोटॉन तिला मिळतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तिचा होल मवाळ असतो. पाण्यापासून थेट हायड्रॉक्सिल रॅडिकल बनवायची त्याची ताकद नाही. एचएमएफच्या अल्कोहोलला हात लावण्याइतका जोर मात्र त्याच्यात असतो. त्यामुळे पाण्यातच, उन्हातच, डीएफएफचा वाटा निम्म्याच्या आसपास नेता येतो. कामाचं हत्यार म्हणून आमची पसंती हिला.

बनवायची कृती सोपी आहे, पण चुकायच्या जागा बऱ्याच. २० ग्रॅम युरिया झाकणाच्या पोर्सिलेन किंवा अ‍ॅल्युमिनाच्या क्रुसिबलमध्ये घ्या. मिनिटाला ५ अंशांनी ५५० अंश सेल्सिअसपर्यंत चढवा, तिथं २ ते ३ तास ठेवा आणि भट्टी आपोआप थंड होऊ द्या. हाती येते एक ग्रॅमच्या आतली पूड, बाकी सगळं अमोनिया आणि इतर वायू होऊन जातं. भट्टी फ्यूम हूडखाली नसेल तर हे काम करूच नका. २० ग्रॅम युरियाचा अमोनिया बंद खोलीत कुणालाही बसू देणार नाही. झाकण नीट बसलं नाही तर क्रुसिबल जवळपास रिकामंच निघतं. रंग पांढराच राहिला तर बहुलकीकरण अर्धवट राहिलंय, तपकिरी आला तर कुठून तरी अशुद्धी शिरली किंवा भट्टी जास्त तापली. ६००च्या पुढं गेलात तर पूड हळूहळू नाहीशीच होते. थंड झाल्यावर ०.१ मोलर नायट्रिक आम्लानं आणि मग पाण्यानं धुऊन ८० अंशांना वाळवा.

युरिया प्रयोगशाळेच्या दर्जाचाच हवा. खताच्या दुकानातल्या पोत्यातला युरिया कडुनिंबाच्या तेलाचा लेप दिलेला असतो. २०१५ पासून देशात शेतीसाठी जवळपास सगळा युरिया तसाच बनतो. तो लेप भट्टीत जळून पुडीत काळा कार्बन सोडतो. शिवाय अनुदानाचं खत दुसऱ्या कामाला वापरणं बेकायदा आहे.

मेलामाइनपासून केलं तर उतारा खूपच चांगला, १० ग्रॅममधून जवळपास निम्मी पूड येते. पण पृष्ठभाग कमी, ग्रॅमला १० चौरस मीटरच्या आसपास. तीच पूड उघड्या बशीत पातळ पसरून ५०० अंशांना आणखी २ तास तापवली की थर सुटे होतात, वजन बरंच घटतं आणि पृष्ठभाग वाढतो. एवढा खटाटोप करायचा तर युरियाच परवडतो.

कच्च्या मालाबद्दल एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. सगळे चिपाडाच्याच मागे लागतात. चिपाडाला मात्र कोल्हापूर भागात आधीच गिऱ्हाईक आहे. साखर कारखाना ते बॉयलरला घालून वीज करतो, गुऱ्हाळ ते चुलवणात घालतं. ज्याचं खरंच काही होत नाही आणि जे फडातच पेटवलं जातं, ते पाचट. त्यात राख आणि सिलिका जास्त, म्हणून दळायला त्रासदायक आणि चक्कीची पाती झिजवणारं. तरी उन्हावरच्या रसायनाला अर्थ यायचा तर तो पाचटापासून यायला हवा. गाळप हंगाम सुरू झाला की पाऊस संपलेला असतो, आभाळ मोकळं असतं आणि फडाफडांत पाचट पडलेलं असतं. माल आणि ऊन एकाच मोसमात मिळणं ही कोल्हापूरची मोठी सोय आहे.

पाचट धुऊन, वाळवून, ४० मेशच्या चाळणीतून जाईल इतकं बारीक करा. १० ग्रॅम कोरडा भुसा आणि १०० मिलिलिटर १ ते २ टक्क्यांचं सल्फ्युरिक आम्ल काचेच्या बाटलीत घेऊन ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांना एक तास ठेवा. पाचटातलं झायलन, ज्यापासून झायलोज ही साखर सुटते, २५ टक्के धरलं आणि सगळं सुटलं तर लिटरला २८ ग्रॅम झायलोज, प्रत्यक्षात त्याहून कमी. निघणारं पाणी चहासारखं तपकिरी असतं आणि इथंच बहुतेकांचा प्रयोग फसतो. हा तपकिरी रंग लिग्निनच्या, म्हणजे वनस्पतीचे धागे जखडून ठेवणाऱ्या पदार्थाच्या, तुकड्यांचा असतो आणि तो प्रकाश पुडीपर्यंत पोचण्याआधीच पिऊन टाकतो. लोक मग पुडीला नावं ठेवतात. पाण्यात कालवलेल्या चुन्यानं किंवा कॅल्शियम कार्बोनेटनं पीएच ५ ते ६ला आणा, जिप्सम गाळून काढा, मग १ ते २ टक्के सक्रिय कोळसा घालून ढवळा आणि पुन्हा गाळा. कोळसा याच टप्प्याला घालायचा. फरफ्युरल किंवा एचएमएफ तयार झाल्यावर घातला तर रंगाबरोबर मालही कोळशातच जातो.

आम्ल नीट उदासीन न करता तसंच पी-२५मध्ये ओतलं तर वेग पडतो. सल्फेट आम्लधर्मी पाण्यात टायटेनियाच्या पृष्ठभागाला चिकटून जागा अडवतं. फॉस्फेट त्याहून वाईट. नळाच्या पाण्यातला बायकार्बोनेट रॅडिकल खाऊन टाकतो. म्हणून पाणी डिस्टिल्डच वापरा, धुण्यासाठीसुद्धा.

पी-२५चा एक गुण या तपकिरी पाण्यातच दिसतो. कॅटेकोलसारख्या फिनॉलचे रेणू टायटेनियाच्या पृष्ठभागाला चिकटले की पांढरी पूड क्षणात पिवळसर-केशरी होते. रेणूतून टायटेनियमकडं थेट इलेक्ट्रॉन जायला लागतात आणि पूड थोडाफार दृश्य प्रकाशही घ्यायला लागते. म्हणून लिग्निनच्या तुकड्यांवर पी-२५ उन्हात अपेक्षेपेक्षा बरी चालते. पूड मळली म्हणून लगेच टाकून देऊ नका.

फरफ्युरलपुरतं एक वेगळंच सांगणं आहे. झायलोजपासून आम्लात तापवून केलेलं फरफ्युरल उन्हावर पुढं न्यायचं असेल तर दोन्ही पुडी बाजूला ठेवा. रोज बेंगाल किंवा मिथिलीन ब्लूसारखा रंग इथॅनॉलमध्ये चिमूटभर विरघळवा आणि त्यात फरफ्युरल घालून ऑक्सिजनचे बुडबुडे सोडत उन्हात ठेवा. रंग प्रकाश घेऊन ऑक्सिजनला सिंगलेट या जास्त ऊर्जेच्या अवस्थेत नेतो आणि तो फरफ्युरलच्या कड्यावर बसून हायड्रॉक्सी-फ्युरॅनोन बनवतो. औषधांच्या जोडणीत हा रेणू कामाचा आहे. ही जुनी, भरवशाची प्रक्रिया आहे आणि तिला अतिनील लागत नाही, दृश्य प्रकाशच पुरतो. सावधगिरी एकच: मधे पेरॉक्साइडं तयार होतात. द्रावण आटवण्याआधी पोटॅशियम आयोडाइड-स्टार्चच्या पट्टीनं तपासा आणि पट्टी निळी झाली तर अजिबात कोरडं करू नका.

पुडींची समोरासमोर तुलना करायची तर ही मात्रा घ्या. एचएमएफ अर्धा मिलिमोलर, म्हणजे लिटरला ६३ मिलिग्रॅम. १०० मिलिलिटर द्रावणात ०.१ ग्रॅम पूड. १० मिनिटं अल्ट्रासॉनिक बाथमध्ये, नाहीतर पी-२५चे गोळे सुटत नाहीत. मग ३० मिनिटं अंधारात ढवळून शोषण स्थिर होऊ द्या आणि त्यानंतरच ऊन दाखवा. सोबत पूड नसलेलं एक आणि काळ्या कागदात गुंडाळलेलं एक, अशी दोन भांडी ठेवल्याशिवाय आकड्यांना अर्थ नाही. पूड वाढवली की वेग वाढतो हा गैरसमज आहे. लिटरला १ ग्रॅमच्या पुढं पांढरं दूधच होतं, वरचा थर खालच्यावर सावली धरतो.

वेळेचं म्हणाल तर कोल्हापुरात सूर्य माथ्यावर येतो तो बाराला नव्हे. नोव्हेंबरच्या सुरुवातीला सव्वाबाराच्या सुमारास, फेब्रुवारीत पावणेएकच्या आसपास. प्रयोग ‘११ ते १’ असा आखला तर दुपारचा चांगला अर्धा भाग हातून जातो. साडेदहा ते अडीच ही वेळ बरी. शहराचा अक्षांश सुमारे १६.७ अंश, म्हणून घट्ट बंद, पूर्ण भरलेला ट्रे वर्षभरासाठी दक्षिणेकडं १७ अंश कलता ठेवतात; उघडा ट्रे सपाटच ठेवावा लागतो. डिसेंबर-जानेवारीत ३० ते ३५ अंश ठेवला तर फरक पडतो.

भांड्याबद्दल सांगायलाच हवं, कारण पुडीच्या माथी मारलेले निम्मे दोष भांड्याचे असतात. कोल्हापूरच्या उद्यमनगर या कारखान्यांच्या भागात कुठलाही फॅब्रिकेटर २० बाय ३० सेंटिमीटरचा ट्रे हवा तसा करून देतो. १ सेंटिमीटर खोलीला त्यात ६०० मिलिलिटर बसतं आणि त्याहून खोल ठेवण्यात अर्थ नाही. स्टील ३१६ मागा, ३०४ नको, आम्ल आणि क्लोराइडपुढं ते टिकत नाही आणि लोखंड द्रावणात उतरलं की निकाल बिघडतात. झाकण म्हणून पॉलिकार्बोनेटची शीट देऊ करतात, कारण ती फुटत नाही. ती घेतलीत तर पी-२५चा प्रयोग सुरू होण्याआधीच संपला, कारण पॉलिकार्बोनेट जवळपास सगळं अतिनील अडवतं. साधी खिडकीची काचही त्यातला बराच भाग खाते. बोरोसिलिकेटची पातळ काच हवी. कार्बन नायट्राइडला मात्र खिडकीची काच चालते, पॉलिकार्बोनेटखालीही ती निळ्या प्रकाशावर काम करत राहते. प्रत्यक्ष खर्चात हा मोठा फरक आहे.

झाकण न लावता ठेवायचा मोहही होतो. एप्रिलच्या उन्हात चार तासांत पाणी इतकं उडतं की उरलेल्यात सगळ्याचं प्रमाण वाढतं आणि उत्पादन वाढल्याचा भास होतो. भांडं आधी आणि नंतर तोला, घट पाण्यानं भरून काढा आणि मगच नमुना घ्या. ट्रेखाली ओलं पोतं ठेवलं तर तापमान आटोक्यात राहतं.

मोजमापात सगळ्यात जास्त फसगत होते. एचएमएफ २८४ नॅनोमीटरला शोषण दाखवतं आणि डीएफएफ त्याच्या अगदी शेजारी, २९०च्या आसपास. कॉलेजात यूव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटर हाताशी असतो म्हणून त्यावरच वाचन घेतलं, तर दोन्हींची बेरीज दिसते आणि प्रक्रिया झालीच नाही असं वाटतं. घटक वेगळे करून मोजणाऱ्या एचपीएलसी यंत्राला पर्याय नाही. एचपीएक्स-८७एच कॉलम, ५ मिलिमोलर सल्फ्युरिक आम्ल, मिनिटाला ०.६ मिलिलिटर, ६० अंश तापमान, एवढ्यावर साखरा, आम्लं आणि फ्युरान एकाच वेळी वेगळे होतात. नमुना आधी सेंट्रिफ्यूज करा आणि मगच ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून घाला. थेट गाळलं तर गाळणी दोन थेंबांत बुजते आणि निसटलेले बारीक कण कॉलम बुजवतात. कॉलमची किंमत पुडीच्या कित्येक पट असते.

निकाल लिहिताना निवडकता, म्हणजे झिजलेल्यापैकी हवा तो माल किती झाला, एकटी कधीच लिहू नये, शेजारी किती एचएमएफ झिजलं ते हवंच. १० टक्के झिजल्यावरची ७० टक्के निवडकता आणि ९० टक्के झिजल्यावरची ४० टक्के यांत दुसरीनं पाचपट माल दिलेला असतो. शोधनिबंध वाचतानाही हाच आकडा आधी शोधा.

पी-२५ला जिथं खरोखर पुढं ठेवावं अशी एक जागा आहे: ऑक्सिजन नसलेलं भांडं. १९८० मध्ये कावाई आणि साकाता या जपानी संशोधकांनी प्लॅटिनम आणि रुथेनियम ऑक्साइड लावलेल्या टायटेनियावर साखर, स्टार्च आणि सेल्युलोजपासून हायड्रोजन मिळवून दाखवला. हवा काढून नायट्रोजन भरला की इलेक्ट्रॉन प्लॅटिनमवर जाऊन हायड्रोजन बनवतात आणि होल साखरेवर काम करतो. ग्लुकोज एकेका कार्बननं तुटत अरॅबिनोज, एरिथ्रोज आणि फॉर्मिक आम्ल देतं. नमुन्यात अरॅबिनोज दिसलं तर पूड नीट चाललीय असं समजा. या कामात तिचा जहालपणा उपयोगी पडतो, आणि इतकी सातत्याची पूड दुसरी मिळत नाही.

कॅडमियम सल्फाइडच्या पुडीही विकायला येतात, लिग्निनचे बंध तोडण्यात त्या दोन्हींहून सरस आहेत आणि त्यांवर चांगलं संशोधन झालं आहे. तरी आम्ही त्या सुचवणार नाही. उन्हात ऑक्सिजनसह ती पूड स्वतःच विरघळते आणि कॅडमियम पाण्यात उतरतं. पंचगंगेच्या खोऱ्यात छतावरच्या ट्रेमध्ये ते नकोच.

टिकाऊपणात पी-२५ पुढं आहे, हे मान्य करायला हवं. चार-पाच वापरांत मळकट झालेली पूड हवेत ४५० अंशांना २ तास तापवली की पुन्हा पांढरी शुभ्र होते. ६००च्या पुढं नेऊ नका, अ‍ॅनाटेजचं रुटाइल होत जातं. कार्बन नायट्राइडला असं भाजून काढता येत नाही, गरम पाण्यानं आणि मग इथॅनॉलनं धुऊनच काम भागवावं लागतं आणि थोडी झीज धरूनच चालावं लागतं.

पूड परत मिळवणं ही पी-२५ची नेहमीची डोकेदुखी. डिस्टिल्ड पाण्यात ती दिवसेंदिवस दुधासारखी तरंगते. साधा उपाय म्हणजे कॉस्टिक सोड्याचं पातळ द्रावण थेंबथेंब घालून पीएच साडेसहाला आणणं. तिथं कणांवरचा भार जवळपास शून्य होतो, गोळे बनतात आणि रात्रभरात तळाला थर बसतो. सकाळी वरचं पाणी अलगद काढून घ्या.

मागणी देताना ५० ग्रॅम पुरे, १०० ग्रॅमची बरणी बघून दचकू नका. ही पूड इतकी फुललेली असते की १०० ग्रॅमनं पाऊण लिटर जागा व्यापते. पंखा बंद करून, एन-९५ मास्क लावूनच उघडा, कारण श्वासातून जाणारी टायटॅनियम डायऑक्साइडची धूळ आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं ‘२-बी’ गटात, म्हणजे माणसात कर्करोग होण्याची शक्यता असलेल्या पदार्थांत, ठेवली आहे. प्लास्टिकच्या चमच्याला ती स्थिर विजेनं चिकटते, काचेच्या बोटीत तोला. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत उघडलेली बरणी ओल धरते आणि वजनं चुकतात. तेव्हा लागेल तेवढीच पूड ११० अंशांना २ तास वाळवून डेसिकेटरमध्ये ठेवा आणि मूळ बरणीचं झाकण टेप लावून बंद करा.